डिग्री नव्हती, लायसन्स नव्हतं, मग जॉन कार आर्किटेक्ट झाला कसा?

लंडनच्या पश्चिमेला, बर्कशायरमध्ये, थेम्स नदीच्या खोऱ्यात बेसिल्डन पार्क नावाचं एक भलंमोठं घर आहे. १९५२ साली लॉर्ड आणि लेडी इलिफ यांनी ते घेतलं तेव्हा त्याची पार दैना झाली होती. महायुद्धात लष्करानं वापरलेलं, नंतर वाऱ्यावर सोडलेलं. कित्येक दारं आणि शेकोट्या जागेवर नव्हत्या. इलिफ जोडप्याला कळलं की तिकडे उत्तरेत, लिंकनशायरमध्ये, पँटन हॉल नावाचं दुसरं जुनं घर मोडीत निघालंय. त्यांनी तिथली महोगनीची दारं विकत घेतली आणि बेसिल्डनच्या रिकाम्या चौकटींत बसवली. लेडी इलिफ सांगत की ती दारं जशीच्या तशी बसली.

हे वाचून मी थांबलो. आमच्या इमारतीत हॉलचं दार बेडरूमच्या चौकटीला बसणार नाही. पावसाळ्यात तर स्वतःच्याच चौकटीला बसत नाही. आणि इथे एका परगण्यातल्या घराची दारं दुसऱ्या परगण्यातल्या घराला बसली, तीही पावणेदोनशे वर्षांनी!

कारण साधं होतं. दोन्ही घरांचा आर्किटेक्ट एकच, यॉर्कचा जॉन कार. जन्म १७२३, मृत्यू १८०७. इंग्लंडबाहेर त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, आणि इंग्लंडमध्येही गाइड मंडळी ते चटकन उरकतात. पण २०२० साली नॅशनल ट्रस्ट या तिथल्या वारसा जपणाऱ्या संस्थेनं आपल्या ९३ वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध जाहीर केला, बराच गदारोळ झाला, आणि त्या यादीत बेसिल्डन पार्क होतं. पैसा कुणाचा, यावर तेव्हा खूप बोललं गेलं. बांधलं कुणी, आणि बांधणारा माणूस तयार कसा झाला, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. तो समजून घेऊ. पैशाकडेही येऊच.

तेव्हा आर्किटेक्ट कुणाला म्हणायचे?

आपल्याकडे आज आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि कौन्सिलची नोंदणी लागते. १९७२ चा कायदाच आहे तसा. इंग्लंडमध्ये नोंदणीचा पहिला कायदा १९३१ चा. आर्किटेक्ट लोकांची संस्था निघाली १८३४ मध्ये. कार जन्मला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कॉलेज नाही, परीक्षा नाही, सनद नाही. ज्याला लोक आर्किटेक्ट म्हणतील तो आर्किटेक्ट.

मग लोक कुणाला म्हणायचे? एक म्हणजे हौशी उमराव. इटलीला जाऊन आलेले, घरात नकाशांच्या चळती असलेले. दुसरे, एखाद्या मोठ्या नावाच्या हाताखाली ड्रॉइंग काढून काढून वर आलेले. आणि तिसरे सुतार नाहीतर पाथरवट, ज्यांनी वीस-वीस वर्षं साइटवर काढली आणि मग एक दिवस मालकानं विचारलं, "नकाशाही तुम्हीच काढता का?"

कार हा तिसऱ्या जातीचा.

हॉर्बरीची खाण

यॉर्कशायरमध्ये वेकफील्ड शहराजवळ हॉर्बरी हे गाव. तिथल्या रॉबर्ट कारची दगडाची खाण होती, तो पाथरवट आणि बांधकामाची कामं घेणारा. जॉन हा त्याचा थोरला मुलगा. म्हणजे पोरगा टाकी-हातोड्याच्या आवाजात वाढला. कुठला दगड पाणी पितो, कुठला थंडीत पापुद्रे सोडतो, एका गाडीत किती चिरे बसतात आणि एक गडी दिवसाला किती घडवतो, हे त्याला कुणी वर्गात शिकवलं नाही.

वडिलांचं आणखी एक काम होतं. ते परगण्याच्या पुलांची देखरेख करत. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येतो.

चोवीस-पंचवीसच्या वयात जॉनला किर्बी हॉल या घराचं काम मिळालं. नकाशे रॉजर मॉरिस आणि लॉर्ड बर्लिंग्टन या दोन मोठ्या माणसांचे. जागेवर उभं राहून घर उभारायचं कारनं. आपल्याकडेही हे रोज चालतं. मुंबईच्या आर्किटेक्टचे नकाशे कुरियरनं येतात, आणि सांगलीतला मिस्त्री ते वाचून, मनातल्या मनात दोन चुका दुरुस्त करून, घर उभं करतो. कारचं खरं शिक्षण इथे झालं असं मला वाटतं. दुसऱ्याचा उत्तम नकाशा दगडात उतरवताना त्यातलं प्रत्येक माप का तसं आहे, हे हाताला कळत जातं.

पॅलाडियन म्हणजे नेमकं काय?

एवढा एक पारिभाषिक शब्द समजून घेऊ, मग लागणार नाही. आंद्रेआ पॅलाडिओ हा सोळाव्या शतकातला इटालियन आर्किटेक्ट. प्राचीन रोमच्या इमारती मोजून त्यानं १५७० मध्ये चार भागांचा ग्रंथ काढला, आकृत्या आणि मापांसकट. अठराव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंतांना त्याचं वेड लागलं. त्याच्या वळणाचं घर ते पॅलाडियन.

ओळखायची खूण सोपी आहे. दर्शनी बाजूच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे जे असेल तेच उजवीकडे. तळमजला मुद्दाम खडबडीत, जाड चिऱ्यांचा, जोत्यासारखा. त्यावर मुख्य मजला, उंच खिडक्यांचा. त्याच्यावर बुटक्या खिडक्यांचा मजला. मध्यभागी खांब आणि त्यांच्यावर त्रिकोणी माथा. बेसिल्डनला हे खांब चार आहेत आणि ते भिंतीपासून आत घेतल्यामुळे मधली जागा पहिल्या मजल्यावरच्या ओसरीसारखी दिसते. आपला वाडा याच्या अगदी उलट. वाडा बाहेरून मुका असतो. सगळी शोभा चौकात, घरच्या माणसांसाठी. हे घर मैलभरावरून गाडीतून येणाऱ्यानं बघावं म्हणून बांधलेलं.

इथे रास्त शंका येते: कार तर इटलीला कधी गेलाच नाही. मग त्याला हे जमलं कसं? पुस्तकांवरून. पॅलाडिओच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर कारच्या जन्माआधीच निघालं होतं. त्यात अमुक रुंदीच्या खोलीला अमुक उंची, खांबाच्या जाडीच्या इतक्या पट लांबी, असं सगळं प्रमाणात दिलेलं. हे म्हणजे नीट मापं लिहिलेलं पाककृतीचं पुस्तक. ते वाचून कुणीही स्वयंपाकी होत नाही, पण ज्याचा हात आधीच चुलीवर तयार आहे त्याला ते पुरतं. शिवाय यॉर्क शहरातच लॉर्ड बर्लिंग्टननं १७३० च्या दशकात बांधलेलं सभागृह उभं होतं, रोमन खांबांच्या रांगांचं. रोम नाही, तरी रोमची एक प्रत चालत जाण्याच्या अंतरावर होती.

रेसकोर्सच्या गच्चीवरून

चांगलं काम येणं वेगळं आणि चांगली कामं मिळणं वेगळं. १७५० च्या सुमारास कार यॉर्कला आला, आणि १७५५-५६ मध्ये त्यानं नेव्हसमायर या तिथल्या रेसकोर्सवर प्रेक्षकांसाठी दगडी इमारत बांधली. खाली कमानी, वर मोठी खोली, सगळ्यात वर गच्ची. घोड्यांच्या शर्यती पाहायला बांधलेल्या पक्क्या स्टँडचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. पैसा वर्गणीचा, पुढाकार लॉर्ड रॉकिंगहॅम या तरुण उमरावाचा.

आता विचार करा, वर्गणी भरणारे कोण? परगण्यातले सगळे जमीनदार. शर्यतींच्या आठवड्यात ते सगळे एकाच गच्चीवर उभे. कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला जसा अख्खा जिल्हा एका मांडवाखाली येतो आणि अर्धी लग्नं, सौदे, उमेदवाऱ्या तिथेच ठरतात, तसंच हे. त्या गच्चीवर टेकून प्रत्येकजण कारचंच काम पायाखाली अनुभवत होता. जाहिरात करायची वेगळी गरज काय?

रॉकिंगहॅम पुढे दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्याच्या वेंटवर्थ वुडहाउस या घरासाठी कारनं ८४ घोड्यांची पागा बांधली. ती इतकी ऐसपैस आहे की पाहुणे तिलाच मुख्य घर समजतात, असं तिथे अजूनही हसत सांगतात.

पण हेअरवुड तर रॉबर्ट अ‍ॅडमचं ना?

लीड्सजवळचं हेअरवुड हाउस पाहायला आपल्याकडचेही बरेच जण जातात. यॉर्कशायरमध्ये मुलं शिकायला असली की आईवडिलांना तिथे नेतातच. तिथे कानावर नाव पडतं ते रॉबर्ट अ‍ॅडम या आर्किटेक्टचं, आणि फर्निचरवाल्या चिपेंडेलचं.

खरी गोष्ट अशी की १७५९ मध्ये पाया घातला त्या घराचा आराखडा कारचा आणि बांधकामही कारचं. रॉबर्ट अ‍ॅडम तेव्हा नुकताच इटलीहून परतलेला, लंडनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी. मालक एडविन लॅसेल्सनं कारचे नकाशे त्याला दाखवले. त्यानं काही बदल सुचवले, आतली नक्षी, छतं, रंग केले. ते अप्रतिमच आहेत, त्यात वाद नाही. शेजारचं हेअरवुड गावही कारनंच नव्यानं वसवलं. पुढे १८४० च्या दशकात चार्ल्स बॅरी या आर्किटेक्टनं दक्षिण बाजू बदलून टाकली आणि कारचं काम आणखी झाकलं गेलं.

आपणही नवं घर पाहायला गेलो की फॉल्स सीलिंगचं कौतुक करतो. आरसीसीचं कौतुक करणारा पाहुणा मी तरी पाहिला नाही. कारचं नाव मागे पडलं त्यात लंडनचा तोरा आहेच, पण आपल्या डोळ्यांची ही सवयही आहे.

महिन्याचं किराणा सामान: पूल

मोठी घरं वर्षानुवर्षं चालत. मालकाचा हात आखडला की काम ठप्प. मग ऑफिस चालायचं कशावर? पुलांवर.

वडिलांच्या मागोमाग कार यॉर्कशायरच्या पश्चिम विभागाच्या पुलांचा सर्वेअर झाला. सर्वेअर म्हणजे पुलांची पाहणी, दुरुस्तीचा अंदाज, नवे आराखडे आणि कंत्राटदाराच्या कामाची तपासणी करणारा अधिकारी. १७७२ पासून उत्तर विभागही त्याच्याकडे आला आणि तो त्यानं १८०३ पर्यंत, म्हणजे वयाच्या ऐंशीपर्यंत सांभाळला.

या कामाचे फायदे पगारापेक्षा मोठे. पुलाचं काम मंजूर करणारे मॅजिस्ट्रेट म्हणजे तेच जमीनदार. या माणसाचा अंदाज आणि शेवटचं बिल जुळतं की नाही, ते त्यांना दरवर्षी कागदावर दिसत होतं. आणि कुठल्या खोऱ्यात कुठला पाथरवट भरवशाचा, हे कारला पाठ झालं.

१७७३ चा ग्रेटा नदीवरचा पूल पाहा. एकच कमान, काठापासून काठापर्यंत. उगाच नक्षी नाही. पाण्याला वाट मोकळी आणि कमानीचा मधला, चावीचा दगड नेमका डोक्यावर. चित्रकार कॉटमननं या पुलाचं जलरंगात काढलेलं चित्र आज इंग्रजी निसर्गचित्रांमधलं नावाजलेलं चित्र आहे. माझ्या मते कारच्या कित्येक हवेल्यांपेक्षा हा पूल सरस आहे.

मग तो लंडनला का गेला नाही?

एवढा हुशार होता तर गावाकडे का राहिला, हा प्रश्न आपल्याकडेही प्रत्येक जिल्ह्याच्या डॉक्टराला विचारतात.

अंतराचा विचार करा. १७०६ च्या एका जाहिरातीत लंडन ते यॉर्क घोडागाडीचा प्रवास चार दिवसांचा सांगितलाय, तोही देवाची कृपा असेल तर! पाया फुटला, तुळई कमी पडली तर लंडनच्या माणसाला पत्र पाठवून उत्तराची वाट बघायची? दगड तर त्याहून हलत नाही. तो जवळच्या खाणीतलाच घ्यावा लागतो, आणि त्या खाणींची बित्तंबातमी असलेला माणूस यॉर्कमध्येच बसलेला.

त्यामुळे लंडनला न गेल्यानं कारचं नुकसान झालं असं हिशेबात तरी दिसत नाही. यॉर्कची न्यायालयाची इमारत, स्त्रियांचा तुरुंग, मनोरुग्णालय त्यानंच बांधलं. १७७० आणि १७८५ असा दोनदा तो यॉर्कचा महापौर झाला. पाथरवटाचा मुलगा! चेशायर, लँकाशायर, बर्कशायर इथली कामं चालत आली. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात दारूचा व्यापार करणाऱ्या इंग्रजांची वस्ती होती. त्या शहरासाठी १७६९ मध्ये त्यानं सांतो अँतोनिओ या प्रचंड हॉस्पिटलचा आराखडा करून दिला. ते आराखड्याइतकं कधीच पूर्ण झालं नाही, पण जेवढं झालं ते आजही हॉस्पिटल म्हणून चालू आहे. आणि १७९१ मध्ये लंडनच्या मोठ्या आर्किटेक्ट मंडळींनी क्लब काढला तेव्हा यॉर्कच्या या म्हाताऱ्यालाही सभासद करून घेतलं.

सगळी घरं सारखीच दिसतात, हा आक्षेप

खरा आहे. कारची पंधरा घरं ओळीनं पाहिली तर सातव्याला जांभई येते. तेच त्रिकोणी माथे, त्याच खिडक्या. दारांची मापं एका घरची दुसऱ्याला लागतात ती काही अंशी याचमुळे. ठरलेली मापं, ओळखीचे कारागीर, परत परत तेच तपशील. मालकाला ठरल्या खर्चात, गळती नसलेलं घर हवं असे, आणि ते त्याला मिळे.

पण त्याला वेगळं काही करताच येत नव्हतं, असं मात्र नाही. डर्बीशायरमधल्या बक्स्टनला गरम पाण्याचे झरे आहेत. डेव्हनशायरच्या पाचव्या ड्यूकनं ते गाव तीर्थासारखं गजबजावं म्हणून कारकडून १७८० ते १७८९ मध्ये चंद्रकोरीच्या आकाराची इमारत बांधून घेतली. खाली अख्ख्या वळणावर कमानींची पडवी, म्हणजे पावसातही न भिजता फिरता यावं. वर हॉटेलं, बिऱ्हाडं, नाचाचं दालन. वळणदार भिंतीत प्रत्येक चिरा थोडा तिरपा घडवावा लागतो, सरळ गुण्या चालत नाही. इथे खाणीतला पोरगा कामी आला. खर्च सुमारे ३८,००० पौंड, ड्यूकच्या तांब्याच्या खाणीच्या नफ्यातून. बरीच वर्षं बंद पडलेली ही इमारत दुरुस्त होऊन २०२० मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून उघडली.

आणि एक फसलेलं काम. रॉकिंगहॅमनं एक स्तंभ बांधायला घेतला, त्याला पुढे केपेल नावाच्या अ‍ॅडमिरलचं नाव मिळालं. उंच खांब सरळसोट ठेवला तर डोळ्याला मधे बारीक भासतो, म्हणून त्याला किंचित फुगवटा देतात. कारनं तो १५० फुटांच्या हिशेबानं दिला. खांब ११५ फुटांवरच थांबवला गेला. फुगवटा आहे तिथेच राहिला, वरची निमुळती उंची आलीच नाही. आज तो स्तंभ पोट सुटल्यासारखा दिसतो. मापात चोख असलेल्या माणसाची अशी थट्टा व्हावी!

आणि पैसा कुणाचा?

टाळून चालणार नाही. हेअरवुडच्या लॅसेल्स घराण्याची संपत्ती बार्बाडोसच्या साखरेची, म्हणजे गुलामांच्या कष्टाची. बेसिल्डनचा फ्रान्सिस साइक्स हा मूळ यॉर्कशायरचा, ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे आली हे आपण शाळेत घोकलंय. त्याच वेळी क्लाइव्हनं साइक्सला मुर्शिदाबादला रेसिडेंट, म्हणजे नवाबाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी नेमलं. तिथे गबर होऊन तो परतला आणि १७७६ मध्ये घर बांधायला काढलं. आतलं काम त्याच्या हयातीत पुरं झालंच नाही.

"कारचा यात काय दोष, तो तर फक्त नकाशे काढणारा," असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही आणि त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणंही पटत नाही. एवढं खरं की असल्या कामांतून उरलेला पैसा त्याच्याही तिजोरीत गेला. मृत्यूच्या वेळी त्याच्याकडे दीड लाख पौंडांच्या आसपास मालमत्ता होती असं सांगतात. बक्स्टनच्या चार चंद्रकोरी झाल्या असत्या. मूलबाळ नव्हतं. कामाची गादी हाताखालच्या पीटर अ‍ॅटकिन्सनकडे गेली.

त्या पैशातला काही भाग कुठे गेला ते मात्र दिसतं. १७९१ ते १७९४ मध्ये कारनं हॉर्बरीत चर्च बांधलं, सगळा खर्च स्वतःच्या खिशातून, सुमारे आठ हजार पौंड. इथे आर्किटेक्टही तोच आणि बिल भरणारा मालकही तोच. खर्च वाढला म्हणून कुरकुरणारं कुणी नव्हतं. १८०७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ८३ व्या वर्षी तो यॉर्कजवळ वारला. पुरायला त्याला हॉर्बरीला नेलं, त्याच चर्चच्या तळघरात.